मदत हवी आहे: शहरात चालवायला दणकट, सहसा पंक्चर न होणारे सायकलचे टायर

पुण्यात कोथरूडहून शिवाजीनगरला रोज हायब्रिड सायकलने कामावर जाते. टायरचं माप ७००×३५सी. पंक्चर सतत होतात आणि बहुतेक मागच्याच चाकाला. वजन तिथेच येतं म्हणा. काढून पाहिलं तर काच क्वचितच. ट्रकच्या फाटक्या टायरमधून पडलेल्या बारीक तारा निघतात, त्या हळूहळू आत शिरतात. हवा मी नियमित भरते, त्यामुळे ट्यूब खड्ड्यात रिमवर चेपून फाटल्याची ही पंक्चर नाहीत.

श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन टायरमध्ये पंक्चर अडवणारा ३ मिमीचा रबरी थर असतो, मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिमीचा. प्लस बराच जड आणि महागही. फक्त मागे प्लस, पुढे साधा मॅरेथॉन असं कोणी वापरतं का? पावसात ओल्या सिमेंट रस्त्यावर पकड कशी राहते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंक्चर परवडलं, घसरणं नाही.

ट्यूब आणि टायरच्या मध्ये घालायची पट्टी तारा खरंच अडवते का? तिच्या कडेने ट्यूब घासते असं ऐकलंय. सीलंटचा (ट्यूबमध्ये भरायचा, छिद्र बुजवणारा द्रव) अनुभवही सांगा. आणि प्लस रिमवर घरी चढवता येतो का? तो फार कडक असतो म्हणतात.