खोल समुद्रातला जुना सांगाडा काढायचाय: वायर रोप की फायबर?

विट्याचा_पाव्हणा:
मूळचा विट्याचा, नोकरी काकीनाड्याला एका कंत्राटदाराकडं. आपली कृष्णामाई जिथं समुद्राला मिळते त्याच्याही पुढं, 1800 मीटर पाण्यात एक जुना लोखंडी सांगाडा आहे. कागदावर 22 टन, निम्मा चिखलात. साहेब म्हणतात, जहाजावरचा 40 मिमी वायर रोप बास. रोप विकणारा म्हणतो, एचएमपीई घ्या, म्हणजे डायनीमाच्या जातीचा, मजबूत प्लास्टिक धाग्यांचा रोप. सुट्टीवर आलोय, पण डोक्यात तेच. इथं जहाजावर काम केलेलं कुणी आहे का?

मिरज_रिवाइंडिंग:
जहाज मी लांबनंच बघितलंय. पण बोअरची मोटर गाळात धरली की चेन पुलीनं हिसका मारणारा पाइप तोडतो. ताण द्यायचा आणि चहा प्यायला जायचं.

वाईचा_रिगर:
मिरजकरांनी अर्धं उत्तर दिलंच. आता हिशेब बघ.

लोखंडाचं वजन पाण्यात साधारण आठव्या हिश्श्यानं कमी होतं, म्हणजे सांगाडा 19 टन. 40 मिमीचा न फिरणारा वायर रोप मीटरला 7 किलोच्या आसपास, 1800 मीटरचा पाण्यात 11 टन. एकूण 30. तुटण्याची ताकद 110 टन धरली (सर्टिफिकेट बघ, माझं ऐकू नको) तर साडेतीनपटीच्या वर. साहेब खूश.

पण चिखल धरून ठेवतो त्याचं काय? ती ओढ सांगाड्याच्या वजनाएवढीही भरू शकते. आणखी 19 टन घाल, सव्वादोनपट उरते, आणि लाटांचा हिसका अजून धरलेला नाही. सगळा रोप बाहेर असतो तेव्हाच चिखलाशी झगडायचं असतं, म्हणून खरी कसोटी तळाशीच.

एचएमपीई पाण्यावर तरंगतो. तेवढ्याच ताकदीचा घेतला तर 11 टन वाचले, हिशेब तीनपटीच्या जवळ येतो. विकणारा खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. हा रोप 150 अंशांच्या आत वितळतो, आणि त्याच्या बरंच आधी कमजोर होतो. जहाज लाटेवर हलतं तेव्हा भरपाई करणारी विंच (रोप गुंडाळणारं यंत्र) रोपाचा तोच तुकडा पुलीवर पुढं-मागं घासते, आतून तापवते. शिवाय स्टीलसाठी बनवलेल्या ड्रमवर ताणाखालचा फायबर खालच्या थरांत रुतून बसतो. विंच बदलणार आहेत का, ते आधी विचार.

नसेल बदलायची तर वर वायर आणि खाली काहीशे मीटर एचएमपीई. पण जोड डेकवर आला की भार अडकवून ठेवायला जागा लागेल, ती ड्रॉइंगमध्ये आत्ताच दाखव.

विट्याचा_पाव्हणा:
काका, सांगाड्याचे उचलायचे कान शाबूत आहेत असं आरओव्हीच्या (वरनं चालवायच्या पाण्याखालच्या रोबोच्या) व्हिडिओत दिसतंय. थेट शॅकल, म्हणजे पिनवाली कडी, लावला तर?

वाईचा_रिगर:
व्हिडिओत रंग दिसतो, जाडी दिसत नाही. जाडी मोजल्याशिवाय त्या कानांवर एक किलोही नको. 1974 ला अमेरिकेच्या ग्लोमर एक्सप्लोररनं जवळजवळ 5000 मीटरवरनं सोव्हिएत पाणबुडी उचलायला घेतली. रोप वापरलाच नाही, पोलादी पाइप जोडत खाली सोडले. पाइप टिकले, पकडीचे पंजे तुटले आणि पाणबुडीचा मोठा भाग परत तळाला गेला. तुझे साहेब आणि रोप विकणारा रोपावरच भांडतायत म्हणून सांगितलं.

स्लिंग, म्हणजे सांगाड्याला गुंडाळायचे दोर, मात्र डोळे झाकून एचएमपीईचे घे. जाड वायरचा स्लिंग आरओव्हीला वाकवता येत नाही, हा येतो. गंजकी धार त्याला कापते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर जाड बाही. आधी पाण्याच्या झोतानं बुडाखालचा चिखल मोकळा करा, एक कोपरा आधी उचला, ताण धरून थांबा. बुडाखाली पाणी शिरलं की पकड सुटते. घाईनं सुटली तर ताणलेला रोप सांगाड्याला वर उडवतो, मग ढील पडते, मग झटका.

मिरज_रिवाइंडिंग:
म्हणजे चहाच.

विट्याचा_पाव्हणा:
चहाचा वेळ जहाजाच्या भाड्यात धरायला सांगतो साहेबांना. विंचचं उद्या फोनवर विचारतो.