ब्लॉक आयलंडच्या पवनचक्क्या: गावाला नक्की काय मिळालं?

डोंबिवलीकर: अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या ब्लॉक आयलंड बेटाजवळ समुद्रात पाच पवनचक्क्या आहेत म्हणे. बेटावरच्या माणसांना त्याचा खरंच फायदा झाला का?

मावशी_प्रॉव्हिडन्स: झाला की! आम्ही उन्हाळ्यात फेरीने जातो तिथे. आधी सगळं बेट डिझेल जनरेटरवर चालायचं आणि ते डिझेलही बोटीनेच यायचं. म्हणजे तेल महागलं की बिलही वर. पवनचक्क्या २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाल्या, प्रत्येकी ६ मेगावॅट. पुढच्या मे महिन्यात जनरेटर बंद. कायम राहणारी माणसं हजारेक, त्यामुळे बरीच वीज उरते, ती केबलने मुख्य भूमीवर जाते. माझ्या मते खरी कमाई ही केबलच. वारा पडला तरी तिकडून वीज येते, शिवाय तिच्यात इंटरनेटची फायबर तारही आहे.

डोंबिवलीकर: आणि मासेमारी?

मावशी_प्रॉव्हिडन्स: खांबांवर शिंपले धरतात, त्यामागे मासे येतात. गळ टाकणारे हौशी लोक तिथेच गर्दी करतात. जाळीवाले मात्र कुरकुरतात, आणि ते अगदीच चूक नाहीत.

उरणचा_तांडेल: आमच्या घारापुरीलाही २०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलनेच वीज आली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर, बस्स. त्यामुळे केबलचं म्हणणं पटलं. पण लाटांनी वाळू सरकून ती उघडी नाही पडत?

मावशी_प्रॉव्हिडन्स: पडली ना, ब्लॉक आयलंडच्या क्रेसेंट बीचपाशी! पुन्हा खोल पुरावी लागली.