मदत हवी आहे: स्पीच थेरपीच्या कोर्सला मुलीचं वर्ष अडवलंय

कात्रजकर_आई
मुलगी पुण्यातच बीएएसएलपीला आहे. पुढच्या वर्षाला बसू देणार नाही म्हणतात. ऑफिसात विचारलं तर ‘नियम वाचा’ एवढंच सांगतात. एटीकेटी मिळते ना? अर्ज कोणाकडे करायचा? सोमवारी फीची शेवटची तारीख आहे. पोरगी दोन दिवस धड जेवलेली नाही. लवकर सांगा.

पर्वतीपायथा
ताई, कितवं वर्ष? किती विषय राहिले? आणि कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं की अभिमत विद्यापीठाचं? दोघांचे नियम वेगळे असतात. हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

नाना_सदाशिवपेठ
सतरा नंबरचा फॉर्म भरा. आमच्या भाच्याचं वर्ष तसंच वाचलं.

पर्वतीपायथा
नाना, तो फॉर्म दहावी-बारावीला बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो.

कात्रजकर_आई
दुसरं वर्ष. सगळे पेपर सुटलेत, म्हणून तर कळत नाहीये! मार्चमध्ये कांजिण्या आल्या होत्या, तीन आठवडे घरी होती. सर्टिफिकेट दिलंय.

श्रवणवाणी
म्हणजे क्लिनिकचे तास कमी पडलेत का? मी याच क्षेत्रात अकरा वर्षं आहे. एटीकेटी राहिलेल्या पेपरला असते, तासांना नाही. केस हिस्टरी, उच्चारांची चाचणी, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकू येण्याची मोजणी, थेरपीचं सेशन, हे सगळं सुपरवायझरसमोर करायचं आणि डायरीत त्यांची सही घ्यायची. सही नसेल तर तास धरतच नाहीत.

इंजिनिअर_कोथरूड
आजारपणाची हजेरी माफ होते. आम्हाला झाली होती. सरळ कुलगुरूंना पत्र टाका, कॉपी मंत्र्यांना.

श्रवणवाणी
मंत्र्यांना कशाला? आधी विभागप्रमुखांना भेटा. मेडिकल सर्टिफिकेटने गैरहजेरीचं कारण कळतं, पण न केलेलं काम त्याने होत नाही. उद्या हीच मुलगी लकवा मारलेल्या माणसाला गिळायला शिकवणार आहे. तीन वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप, आणि नंतर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी. १९९२ च्या कायद्याप्रमाणे त्या नोंदणीशिवाय व्यवसायच करता येत नाही. म्हणून तासांबाबत कडक असतात.

इंजिनिअर_कोथरूड
कडक ठीक आहे, पण कांजिण्या घेऊन लहान मुलांच्या क्लिनिकमध्ये जायला हवं होतं का? घरी राहणंच बरोबर होतं. त्याची शिक्षा वर्षभराची?

श्रवणवाणी
हे मान्य. म्हणूनच तास माफ करा म्हणू नका, ते भरून काढायची संधी मागा. सुट्टीत क्लिनिक चालू असेल तर पेशंट मिळतात. आमच्या बॅचच्या एकीला तसंच करू दिलं होतं. तुमच्या मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेला अभ्यासक्रम आणि नियमावली काढा, आत्ताची नको. ‘किती तास कमी आहेत आणि ते केव्हा भरता येतील’ हे लेखी विचारा.

वारजे_आजोबा
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. नातू अडीच वर्षांचा आहे, ‘आई’सुद्धा म्हणत नाही. घरचे म्हणतात, मुलगे उशिरा बोलतात. थांबावं का?

श्रवणवाणी
आजोबा, थांबू नका. बोलण्याचं बघण्याआधी कान तपासा: ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या दोन चाचण्या. ससूनच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. हाक मारली की वळतो का, बोट दाखवून मागतो का, हे लिहून घेऊन जा.

वारजे_आजोबा
बोट दाखवतो, पण हाकेला वळत नाही. उद्याच नेतो.

पर्वतीपायथा
कात्रजकरताई, अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आवकचा शिक्का घ्या. तोंडी ‘बघू’वर विसंबू नका.

कात्रजकर_आई
आज गेले होते. सुपरवायझर मॅडम भेटल्या. डायरी पाहून म्हणाल्या, बावीस तास कमी आहेत, आणि सुट्टीतल्या क्लिनिकला बसवायला त्यांची हरकत नाही. विभागप्रमुख शुक्रवारी येणार. अर्जावर शिक्का घेतला. मुलगी जेवली आज, वरण-भात. पण सोमवारची फी दुसऱ्या वर्षाची भरू की तिसऱ्या?

श्रवणवाणी
शुक्रवारी त्याच अर्जाला जोडून फीची मुदतवाढही मागा. निर्णय हातात आल्याशिवाय काही भरू नका. आणि डायरीच्या सगळ्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा.