प्रतिसाद: नोंदणीच्या आकड्यात कोण मोजलं जातं?

स्वित्झर्लंडशी तुलना करून वर कुणीतरी म्हटलंय की आपला अकरावी-बारावीचा नोंदणीदर 57.6 टक्के (यूडायस, म्हणजे शाळांची सरकारी आकडेवारी, 2021-22), म्हणजे उरलेली मुलं शाळेबाहेर. दरी आहेच, पण 'उरलेली सगळी शाळेबाहेर' हे पटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं कॉलेजात नाही, तर उमेदवारीत (अप्रेंटिसशिपला) जातात. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात किंवा दुकानात, एक-दोन दिवस शाळेत. ती सगळी उच्च माध्यमिकच्या आकड्यात धरली जातात.

आपल्याकडे माझा भाचा दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमाला गेला. निळा एप्रन घालून लेथवर जॉब काढायचा, रात्री ड्रॉइंग शीट. वय सोळा, पण पॉलिटेक्निकवाले मोजले जातात उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणात (ऐशे), यूडायसमध्ये नाही. त्याचा शेजारी आयटीआयला, फिटर ट्रेडला. तोही यूडायसमध्ये नाही, कारण आयटीआय कौशल्य विकास खात्याकडे. दोघंही शिकत होते आणि या 57.6 मध्ये दोघांचाही पत्ता नाही! (उलट कागदावर अकरावीत नाव आणि दिवसभर नीटच्या क्लासला असलेली मुलं मात्र बिनबोभाट मोजली जातात, तो वेगळाच विनोद.)

ही भर घालूनही आपण स्वित्झर्लंडच्या जवळ पोचत नाही, हे मान्य. आणि सर्वांत गरीब देशांत या वयाची निम्म्याहून जास्त मुलं खरोखरच शिक्षणाबाहेर आहेत, तिथे मोजणीचा घोळ हे कारण पुरत नाही. पण भारताचा आकडा टाकताना आयटीआय-डिप्लोमा धरून टाका.