कुणाची चाळण बारीक? फुकटच्या मेलमधल्या स्पॅमचे अनुभव

खिडकीची_सीट
म्युच्युअल फंडाच्या केवायसीत माझा बाबा आदमच्या जमान्यातला ईमेल आयडी निघाला. ओटीपी त्याच्यावर येणार, म्हणजे ते खातं उघडणं आलंच. पासवर्ड आठवला हेच नवल. उघडलं तर इनबॉक्समध्ये पाय ठेवायला जागा नाही. मला लॉटरी लागलीय, माझे केस पंधरा दिवसांत उगवणारेत, कुणी परदेशी कर्नलसाहेब युद्धात सापडलेलं सोनं माझ्या नावावर करायला टपलेत. हे सगळं इनबॉक्समध्ये हं. आणि फंडाचा खराखुरा ओटीपी कुठे? स्पॅममध्ये!

मग रुपारेलचे दिवस आठवले. माटुंग्याला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजायचो आणि त्यातला निम्मा वेळ कचरा डिलीट करण्यात जायचा. करावाच लागायचा, हॉटमेलला तेव्हा जागाच २ एमबी. पेटी भरली की कामाचं पत्र आल्या पावली परत.

तर सांगा, तुमच्या कुठल्या पेटीत कचरा कमी येतो? नियम एकच. वाईट अनुभवात कंपनीचं नाव नको, मागे बँकांच्या धाग्यावर झालं तेवढं पुरे. कौतुक करायचं तर खुशाल नाव घ्या. मी जुन्या खात्याला थोरली म्हणते आणि रोजच्याला धाकटी. थोरलीत सगळं आत येतं. धाकटी कडक आहे, पण जरा जास्तच.

फलाट_चार
ठाणे सुटलं आत्ता. तुमचं वाचून सहज स्पॅम उघडला. इंटरव्ह्यूचं बोलावणं पडलंय त्यात!! तारीख उद्याची. नंतर लिहितो

शेवगा
फलाट_चार, आधी फोन लावा, धागा कुठे पळून जात नाही

निवांत_नाना
छान विषय. सायबर कॅफेच्याही आधीपासून या गोष्टी बघतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

हॉटमेल सुरू झालं ४ जुलै १९९६ ला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ. पुढच्याच वर्षाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. याहू मेल १९९७ चं. त्या काळातल्या गाळण्या साध्या असायच्या, ठरावीक शब्द दिसले की पत्र बाजूला. पाठवणारे त्याहून पक्के. औषधाच्या नावातल्या आय अक्षराच्या जागी एकचा आकडा टाकायचे आणि पसार. मग शब्दांची यादी सोडून शक्यतेचं गणित आलं. तुम्ही कचरा म्हणून टाकलेल्या पत्रांत कुठले शब्द जास्त येतात आणि ठेवलेल्या पत्रांत कुठले, यावरून नव्या पत्राचा अंदाज बांधायचा. मूळ सूत्र अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ नावाच्या इंग्रज पाद्रीबुवांचं. त्यांना काय कल्पना की आपलं गणित पुढे केसांच्या तेलाच्या जाहिराती अडवायला लागणार आहे!

जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्याच वर्षी १ एप्रिलला जीमेल आलं. १ जीबी जागा, लोकांना वाटलं एप्रिल फूल करतायत. आमंत्रणाशिवाय खातं मिळायचं नाही. आमच्या ऑफिसात ज्याच्याकडे आमंत्रणं शिल्लक, त्याचा चहा फुकट. सगळ्यांना दार उघडलं ते १४ फेब्रुवारी २००७ ला. गेट्ससाहेबांची दोन वर्षं तोवर उलटून गेली होती आणि कचरा होता तिथेच होता.

जीमेलची चाळण बारीक, असं माझं मत. कारण सरळ आहे, वापरणारे अफाट. मुलुंडला एकाने ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबलं की त्याचा फायदा मालाडच्या माणसालाही होतो. गूगल स्वतः ९९.९ टक्क्यांहून जास्त अडवतो म्हणतं. आपल्याला दिसते ती उरलेली शेंडी.

पोळीभाजी
नाना, त्या ९९.९ मध्ये आमच्या सोसायटीची नोटीसही धरली असणार. मी सेक्रेटरी. (कुणी होत नव्हतं म्हणून. सगळीकडे असंच असतं.) वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. सोसायटीच्या फुकट खात्यावरून सगळ्या फ्लॅटना एकगठ्ठा मेल केला. सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले, “मला नोटीस मिळालीच नाही, सभा बेकायदेशीर आहे.” मागून अजून चार जण. मोबाइल उघडून दाखवला तेव्हा सगळ्यांच्या स्पॅममध्ये सापडली. तरी काका म्हणतात, “स्पॅममध्ये मिळाली म्हणजे मिळाली नाही.” यावर दीड तास. पार्किंगचा विषय राहूनच गेला.

तळटीप
विषयाच्या ओळीत काय लिहिलं होतं?

पोळीभाजी
खजिनदारांनी लिहिली होती. “अत्यंत तातडीचे!!! थकबाकी त्वरित भरा अन्यथा कारवाई”. सोबत क्यूआर कोडची पीडीएफ.

तळटीप
मी फिल्टर असतो तर मीही उचलून टाकलं असतं 🙏
तातडी, धमकी, पैसे, क्यूआर, एका दमात साठ-सत्तर पत्ते. फसवणुकीच्या मेलमध्ये याहून वेगळं काय असतं?

गिरगावातली_गंगू
😂😂 पोळीभाजी

माझ्या सासऱ्यांचा किस्सा. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मुलाने ईमेल काढून दिला आणि पहिल्याच महिन्यात कुणा दिवंगत मंत्र्याच्या बायकोचं पत्र आलं, इतके दशलक्ष डॉलर अडकलेत, मदत करा. सासरे कुणालाही उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी रीतसर कळवलं, “संदर्भ: आपले पत्र. आपला अर्ज विहित नमुन्यात नाही. पतीच्या मृत्यूचा दाखला व वारस प्रमाणपत्र राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी त्रिप्रतीत सादर करावे.” हे सगळं इंग्रजीत. बाईंचं एक स्मरणपत्र आलं. सासऱ्यांनी पहिल्या पत्राची प्रत जोडून पुन्हा तेच कळवलं. मग बाई गप्प.

या धंद्याला ४१९ म्हणतात, नायजेरियाच्या दंडसंहितेतलं कलम. आपला ४२० त्यांच्यापेक्षा एकाने पुढेच!

शेवगा
त्रिप्रतीत!!! 🤣 सासऱ्यांना साष्टांग नमस्कार
गंगूताई, गिरगावात अजून आहात? आमची चाळ टॉवरला गेली, आम्ही विरारला

गिरगावातली_गंगू
आहोत बाबा, टेकू लावून. आमचाही बिल्डर येतोच आहे, दर दिवाळीला येतो.

फलाट_चार
घाटकोपर. एचआरला फोन लागला. बाई म्हणाल्या, आम्ही तीन मेल टाकले, तुम्ही उत्तर देत नाही म्हणून दुसऱ्याला बोलावणार होतो. उद्या अकराला ये म्हणाल्या. अंधेरी. इस्त्रीवाला आत्ता उघडा असेल का

चिंच_गूळ
ऑल द बेस्ट फलाट_चार!!

आमच्याकडे फिल्टर आईनेच बिघडवला. मामा रोज सकाळी सुविचार मेल करायचा, फुलांच्या फोटोवर. आईला डिलीटचं बटण सापडायचं नाही, स्पॅमचं सापडायचं. ती रोज तेच दाबायची. पुढे मामाच्या नातवाची मुंज ठरली, आमंत्रण अर्थातच मेलवर, आणि ते सुविचारांच्या मागोमाग सरळ तिकडे. मुंज दादरला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आम्ही कुणीच गेलो नाही. मामा अजून बोलत नाही. फिल्टरवर विश्वास बसायला तो काही तरुण नाही.

कुकर झाला, येते परत

वकीलीण_बाई
कायद्याचं विचारलं नाहीये कुणी, तरी सांगते. फोन आणि एसएमएसचा त्रास असेल तर तक्रारीला १९०९ नंबर आहे, जाहिरातींचे कॉल बंद करायला डीएनडी आहे. ईमेलला तसं काहीच नाही. अमेरिकेने २००३ मध्ये खास कायदा केला, आपल्याकडे स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. आयटी कायद्यातलं ६६अ कलम त्रासदायक आणि खोट्या पत्त्याच्या ईमेललाही लागू होतं, पण सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते अख्खं रद्द केलं. योग्यच केलं. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी अटक झाली, त्यावरूनच तर ते प्रकरण कोर्टात गेलं. कचऱ्याचं कलम भलत्याच कामाला वापरलं की असं होतं.

खिडकीची_सीट
वकीलीण_बाई 👍 पण मूळ प्रश्न राहिलाच. थोरली चांगली की धाकटी?

तळटीप
खिडकीताई, ही तुलनाच मला पटत नाही. थोरलीचा पत्ता तुम्ही पंचवीसएक वर्षं गावभर वाटलाय. लग्नाच्या साइटवर, मॉलमधल्या बक्षिसाच्या कूपनवर, नोकरीच्या साइटवर. त्यातली कुठली यादी कुणी विकली, कुठली चोरीला गेली, सांगता येत नाही. याहूची २०१३ ची चोरी तर सगळ्या ३०० कोटी खात्यांची होती, कंपनीने ते २०१७ मध्ये स्वतः मान्य केलं. धाकटीचा पत्ता बहुधा बँकेत आणि मुलांच्या शाळेत, बस. मग धाकटी स्वच्छच दिसणार.

आत किती कचरा आला हे सगळे मोजतात. मी उलटं मोजतो, चांगलं किती बाहेर फेकलं. केसांच्या तेलाची जाहिरात आत आली तर एक सेकंद जातो. इंटरव्ह्यूचं पत्र बाहेर गेलं तर फलाट_चार यांना विचारा काय जातं. आणि जीमेलमधला स्पॅम ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, मग शोधूनही सापडत नाही.

मी काय करतो ते सांगतो. दुकानांना, ॲपना देण्यासाठी पत्ता वेगळा. याहूत फेकून देता येतील असे पत्ते काढता येतात, आणि ते काम याहू उत्तम करतं. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून दुकानाचं नाव लिहायचं, मेल येतो त्याच पेटीत. पुढे त्या पत्त्यावर भलत्याच कुणाचा मेल आला की पत्ता कुणी फोडला ते कळतं. (सगळे फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, हा वैताग आहे.) बँक, शाळा, सोसायटी यांच्यासाठी फिल्टर करून ‘स्पॅममध्ये कधीच पाठवू नका’ वर खूण करायची.

आणि जीमेलमधला जाहिरातींचा कप्पा, प्रमोशन्स, म्हणजे स्पॅम नव्हे. २०१३ पासून आहे तो, तरी अर्धी मुंबई तिथे बघत नाही.

निवांत_नाना
अनसबस्क्राइब दाबावं का? मी कधीच दाबत नाही. दाबलं की पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं.

तळटीप
चोरांच्या मेलमध्ये दाबायचं नाही, बरोबर. पण ज्या दुकानातून खरंच कधी चादर घेतली असेल, त्यांच्या मेलमध्ये दाबा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनी नियम कडक केलेत. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावीच लागते, पाठवणारा खरा आहे याच्या तांत्रिक खुणा लावाव्या लागतात, आणि तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकला खुणांचा नियम लावला. माझ्याकडे तेव्हापासून फरक जाणवतो.

चिंच_गूळ
आले. आई विचारतेय मामाला स्पॅममधून बाहेर कसं काढायचं 😬

तळटीप
स्पॅममध्ये जा, मामाचा मेल उघडा, ‘नॉट स्पॅम’ दाबा, मग मामाचा पत्ता काँटॅक्टमध्ये घाला. सुविचार पुन्हा सुरू होतील, तयारी ठेवा.

लॅमिंग्टनवाला
रेडिफमेलचं नाव कुणीच घेतलं नाही?? १९९६ ची आपल्या मुंबईची कंपनी. आमच्या गल्लीत निम्म्या पाट्यांवर अजून तोच पत्ता आहे. माझंही खातं पहिल्यापासून तिथेच, गिऱ्हाइकांना तोंडपाठ आहे, बदलून करू काय. कचरा येतो, रोज सकाळी दुकान झाडताना तोही झाडतो. तक्रार नाही.

मुलगा झोहो मेलवर खातं काढ म्हणून मागे लागलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनी तिथे खातं काढलं तेव्हापासून तर जास्तच. जाहिराती नाहीत हे खरं. पण गिऱ्हाइकाला नवा पत्ता पाठ कोण करून देणार?

पोळीभाजी
तळटीप, तुम्ही शनिवारी आमच्या कमिटीच्या मीटिंगला येऊन हे खजिनदारांना समजावाल का? मुलुंड पूर्व. चहा-बटाटेवडे सोसायटीतर्फे.

तळटीप
मी वाशीला. रविवारी मेगाब्लॉक, त्यामुळे शनिवार चालेल. पण पुढची नोटीस आधी मला दाखवा. तीन उद्गारचिन्हं काढली तरी अर्धं काम होईल.

पोळीभाजी
खजिनदार उद्गारचिन्हांवर तडजोड करणार नाहीत. क्यूआरवर बघते.

शेवगा
बटाटेवडे असतील तर मीही तुमच्या सोसायटीचा सभासद आहे, नोटीस मिळाली नाही एवढंच