'झिम्मा २': मुली आल्या, मैत्रिणी कुठे गेल्या?

पर्वतीपायथा: काल घरी परत 'झिम्मा २', तो बायकांच्या इंग्लंड सहलीचा सिनेमा, लावला आणि परत वाजलं. "पहिल्याची मजा नाही" हे २०२३ पासून ऐकतोय, पण माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या भागात सोनाली कुलकर्णी आणि मृण्मयी गोडबोले होत्या. अनोळखी बायकांच्या घोळक्यात शिरून त्यांनी मैत्री कमावली. दुसऱ्यात दोघी गायब! नवीन आलेली रिंकू राजगुरू निर्मिती सावंतची सून म्हणून येते. म्हणजे तरुण मुलीला सहलीला यायचं तर आधी नातं दाखवा. नुसती मैत्रीण म्हणून तिचं तिकीट कोण काढणार?

डेक्कनची_सून: साफ असहमत. सासू-सुनेची मैत्री ही मैत्री नाही का? आम्ही सिटी प्राइड कोथरूडला दुपारचा खेळ पाहिला. मी, सासूबाई आणि दोन नणंदा. मध्यंतरात सासूबाईंनी अर्धा समोसा माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "एवढी काही वाईट नाहीये हं मी." लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी बोलल्या नव्हत्या. तुमच्या परीक्षणात हे कुठल्या रकान्यात बसतं?

पर्वतीपायथा: समोसा सासूबाईंचा, श्रेय दिग्दर्शकाला?

बाल्कनी_रांग_क: पहिला भाग १९ नोव्हेंबर २०२१ ला आला, हे विसरू नका. कोरोनानंतर थिएटरं उघडून महिनाही झाला नव्हता, तेही निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. दीड वर्ष घरात कोंडलेल्या बायका इंग्लंडची हिरवळ बघून रडल्या नसत्या तरच नवल. दुसऱ्याच्या वाट्याला तसला मोसम आला नाही. उलट २०२३ मध्येच, जूनअखेर, 'बाईपण भारी देवा' हा बायकांचाच सिनेमा येऊन गेलेला. नऊवारी नेसून, नथ घालून ग्रुपच्या ग्रुप जाऊन आले होते. हौस फिटल्यावर तुलना कडकच होणार.

पर्वतीपायथा: मोसमाचं पटलं. पण पटकथा काही मोसमावर लिहीत नाहीत. सुहास जोशींच्या पंचाहत्तरीचं निमित्त झकास आहे, इंग्लंडमधलं लेक डिस्ट्रिक्टही देखणं. कुणी कुणाशी मनापासून भांडलेलं मात्र आठवत नाही. पाच मिनिटांत डोळे पुसून पुढचं गाणं.

कर्वेनगर_फ्लॅट: मी चोवीस वर्षांची. आईला प्रचंड आवडला, मला ठीकठाक. आम्ही चौघी एकत्र राहतो. एकीने न सांगता बॉयफ्रेंडला आणलं म्हणून दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. "दूध संपलंय" हेसुद्धा फ्रिजवर चिठ्ठी लावून. असलं काही मराठी पडद्यावर दिसत नाही. आमच्या वयाच्या मुली दिसतात त्या कुणाला तरी शहाणं करायला किंवा स्वतः शहाणं व्हायला.

डेक्कनची_सून: मग तो वेगळा सिनेमा झाला गं. सत्तरीच्या बाईला मध्यभागी ठेवणारे तरी किती आहेत आपल्याकडे? ते एक जमलंय तर त्यातच तुमचा फ्लॅटही कोंबायचा का?

कर्वेनगर_फ्लॅट: कोंबू नका ना. पण मग पोस्टरवर आम्हाला पुढे उभं करू नका, ताई.