पंधरा वर्षांची ओम्नी : पासिंग वाढवायचं की मोडीत काढायची?

निपाणी_ओम्नी

नमस्कार मंडळी. घरच्या मारुती ओम्नीबद्दल जाणकारांचं मत पाहिजे.

गाडी २०११ ची, पेट्रोल एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनची), आठ सीटर, १ लाख ३८ हजार किलोमीटर. नंबर एमएच ०९ (कोल्हापूर), पत्ता जुना कागलचा, पण गाडी कायम निपाणीतच, म्हणजे कर्नाटकात असते. आरसी वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. पंधरा वर्षं भरत आली आहेत. लोन वगैरे नाही.

तक्रारी अशा : सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो, दोन-तीन मिनिटांत थांबतो. १५०० किलोमीटरला साधारण एक लिटर ऑइल टाकावं लागतं. अॅव्हरेज १५ वरून १२ वर आलंय. डाव्या बाजूला पुढच्या पायाखालचा पत्रा मऊ झालाय, पावसात मॅट ओली होते. गॅरेजवाले म्हणतात इंजिनचं पूर्ण काम आणि टिंकरिंग (पत्र्याचं काम) मिळून ६० हजार. आमचे काका म्हणतात, पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी जमाच करतंय, आत्ताच भंगारात देऊन टाका. वापर म्हणजे आईला महिन्यातून दोनदा कोल्हापूरला दवाखान्यात नेणं, आठवड्याला संकेश्वरची एक फेरी आणि सणावारी सगळं घर मिळून प्रवास.

६० हजार घालावेत का?


उद्यमबाग_फिटर

काकांचं म्हणणं आधी बाजूला ठेवा. पंधरा वर्षं झाली म्हणून खासगी गाडी जमा करायचा कायदा आपल्याकडं नाही. दिल्ली आणि आसपासचा एनसीआर भाग वेगळा, आणि सरकारी खात्यांच्या गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची मर्यादा आहे ती वेगळी. तुमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं.

आता इंजिन. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तरी 'पूर्ण काम' निघत नाही. थंड इंजिनला निळा धूर आणि गरम झाल्यावर बंद, याचा अर्थ रात्रभर ऑइल झडपांच्या दांड्यांवरून खाली झिरपतंय. म्हणजे व्हॉल्व्ह स्टेम सील कडक झाले. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, जोर देताना धूर राहिला असता. ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनला तीन सिलिंडर, सहा झडपा, म्हणून सहाच सील. हेड न उतरवताही बदलता येतात : प्लगच्या भोकातून नायलॉनची जाड दोरी आत सोडायची, क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा, दोरी दाबली जाऊन झडपा जागच्या जागी धरून राहतात. मग स्प्रिंग काढून सील बदलायचा. हे करणारा मेस्त्री शोधा. आणि त्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी झडप) काढून हलवून बघा. खडखड आवाज आला पाहिजे. तो चोंदला तर क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल वाट मिळेल तिकडून बाहेर पडतं.

पण कुणाच्या अंदाजावर पैसे घालू नका, माझ्याही नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, इग्निशन कॉइलचा कनेक्टर आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, गेज लावून सेल्फ पाच-सहा सेकंद मारा. बॅटरी पूर्ण चार्ज पाहिजे, नाहीतर आकडे खोटे येतात. तिन्ही सिलिंडर १५० पीएसआयच्या वर आणि आपसांत १४-१५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नसेल तर खालचं इंजिन उघडायचं कारण नाही. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर झडपा. शेजारशेजारचे दोन्ही सारखेच पडलेले असतील तर हेड गॅस्केट.

अजून दोन गोष्टी. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बेल्ट आणि टेन्शनर बदला, सोबत कॅम आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील पण. सील गळत असेल तर नवा बेल्ट ऑइलनं भिजून लवकर जातो. आणि अॅव्हरेज कमी झालंय म्हणता, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का बघा. गाडी गरम होते म्हणून कित्येक गॅरेजवाले तो काढूनच टाकतात. मग इंजिन कायम थंड राहतं, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून वॉर्मअपच चाललंय, पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि ते ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. गरम होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर किंवा बोअरचं क्षाराचं पाणी हेच असतं.


खानापूर_जांबोटी

वरच्यांनी इंजिनाबद्दल लिहिलं ते बरोबर आहे, पण ही गाडी ठेवायची की नाही हे इंजिन ठरवणार नाही. इंजिनचा प्रत्येक पार्ट बदलता येतो. ओम्नी २०१९ ला बंद झाली तरी ८०० च्या इंजिनाशी साम्य असल्यामुळं माल बेळगावात, कोल्हापुरात मिळतोय. बदलता येत नाही तो सांगाडा. ओम्नीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, खालचा पत्रा आणि त्याला वेल्ड केलेल्या रेल (लांब पोकळ पट्ट्या) हीच तिची हाडं. आमच्या पश्चिम भागात पावसाचे चार महिने गाड्या ओल्याच असतात, इथं ओम्नी मेली की पत्र्यानंच मेली असं समजा.

रॅम्पवर चढवून स्वतः बघा, दुसऱ्याला सांगू नका. जाड स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी घ्या. आधी मॅट आणि खालचा डांबरी थर खरवडून काढा. मग हातोडीच्या दांड्यानं हळू ठोकत चला. चांगला पत्रा ठण् वाजतो, सडलेला भद्द. भद्द आवाज आला तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोरानं दाबा. गंजाचे पापुद्रे पडले आणि खाली लखलखीत पत्रा लागला तर वाचला. टोक आत गेलं तर तिथं खडूनं गोल करा.

बघायच्या जागा : दोन्ही पुढच्या पायाखाली, पुढच्या चाकांच्या कमानींचा मागचा कोपरा, दारांखालचे सिल (उंबऱ्याचा पोकळ पत्रा), सरकत्या दाराची खालची पट्टी, जॅक लावायची जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग धरणारे कंस) रेलला जिथं जोडलेत ती जागा. मागचा सगळा भार, आठ माणसांचा, तिथून रेलवर जातो.

नुसती पायाखालची पाटी सडली असेल तर घाबरू नका. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, १ मिलिमीटरचा नवा तुकडा बसवायचा, सीओटू वेल्डिंगनं कडेनं पूर्ण शिवायचा. गॅस वेल्डिंग नको, उष्णतेनं आजूबाजूचा पत्रा वाकतो आणि त्याचं वरचं संरक्षण जळतं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कनेक्टर काढा, आणि पेट्रोल टाकीजवळ काम असेल तर टाकी खाली उतरवल्याशिवाय हात लावू देऊ नका. नंतर झिंक प्रायमर, सांध्याला सीलंट, मग अंडरबॉडी कोटिंग. सिलच्या आत पोकळीत मेण फवारायचं. पाणी निचरायची भोकं बुजवू देऊ नका, पत्रा आतून सडतो तो त्यामुळंच.

फायबर किंवा एम-सीलचं ठिगळ लावून वरून काळं कोटिंग मारणारे फार. त्या कोटिंगच्या आत पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत शेजारचा चांगला पत्राही जातो. काम एप्रिल-मेमध्येच करा, ओल्या पत्र्यावर प्रायमर धरत नाही.


चिक्कोडी_२३

कागदांचं कुणी बोललं नाही, आणि तुमचं खरं अडकणार आहे ते तिथं.

१) पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला नमुना २५. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. कारला फी ५,००० रुपये, वर राज्याचा पर्यावरण कर आणि कार्डाचे पैसे. मुदत चुकवली तर महिन्याला ५०० रुपये दंड. वीस वर्षांनंतर हीच फी १०,००० होते, म्हणजे आज गाडी ठेवली तर पाच वर्षांनी परत हाच प्रश्न दुप्पट फीसह येणार, हे धरून चला. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. विमा आणि पीयूसी चालू पाहिजे, १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही पाहिजे.

२) नंबर एमएच ०९, गाडी कायम कर्नाटकात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं १२ महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला, नमुना २८), मग चिक्कोडीत नमुना २७, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं. सीमेवरच्या कोगनोळीपलीकडं रोज जा-ये करणाऱ्या निम्म्या गाड्यांचं हेच दुखणं आहे. दोन्हीकडं टॅक्स भरून वर पासिंग हा खर्च ६० हजारांच्या कोटेशनमध्ये नाही. तो धरा.

३) आरसी वडिलांच्या नावावर. वारसाच्या नावावर करायला नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. आपल्याकडं नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या ऑफिसातून) मिळणारा वंशवृक्ष कन्नडमध्ये असतो. कोल्हापूरला तोच कागद द्यायचा तर आधी मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या, नाहीतर खिडकीवरून परत येणार. ३१, २८ आणि २७ हे तिन्ही एकमेकांत गुंतलेत, म्हणून क्रम आधी दोन्ही ऑफिसांत विचारून घ्या. आणि रजिस्ट्रेशनची मुदत शिल्लक आहे तोवरच सुरू करा.

४) चेसिस नंबरची पेन्सिलछाप द्यावी लागते. गंजलेल्या गाडीत तो नंबर पुसट झालेला असतो. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश, एवढंच वापरा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नका, खोडाखोड समजतात आणि प्रकरण वाढतं.


उद्यमबाग_फिटर

चिक्कोडीवाल्यांचा मुद्दा क्रमांक २ लाख मोलाचा. आधी फुकटातल्या तपासण्या करा : कागद, मग पत्रा, मग कॉम्प्रेशन. तोवर कुठल्याही गॅरेजला अॅडव्हान्स देऊ नका.

ई२० पेट्रोलचं पण लिहून ठेवतो, कारण अॅव्हरेजमधला थोडा भाग तिकडं गेलाय. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणून २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के अॅव्हरेज कमी होणारच. इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, त्यावर राग नाही, पण २०११ च्या रबरी पाइपांना ते सोसत नाही. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे सगळे रबर होज बघा. बोटानं वाकवून वर बारीक चिरा दिसल्या, किंवा पेट्रोलचा वास येतोय, तर इंजेक्शनच्या गाडीला चालणारे आर-९ दर्जाचे होज आणि नव्या क्लिपा घाला. इंजेक्टरच्या ओ-रिंगा पण. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे गळती थेट माणसांच्या खाली. यात काटकसर नको. टाकीतला जुना गाळ इथेनॉलनं सुटतो, फिल्टर पहिल्यांदा लवकर बदला. कार्ब्युरेटरची जुनी ओम्नी असेल त्यांना जेटचंही बघावं लागतं, तुमची एमपीएफआय आहे, ऑक्सिजन सेन्सर चालू असेल तर मिश्रण तीच सांभाळून घेते.


निपाणी_ओम्नी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणं केलं. कॉम्प्रेशन १६४, १५८, १६२. पीसीव्ही चोंदलेला होता. पायाखालची पाटी डावीकडं वीतभर गेली आहे, सिल दीड फूट. डावा हँगर ठण् वाजतो. उजव्या हँगरच्या पुढं दोन बोटांवर स्क्रू ड्रायव्हर आत गेला, रेलच्या आतून गंजाचा भुगा पडला. गॅरेजवाले म्हणतात वरून जाड पट्टी मारून देतो.


खानापूर_जांबोटी

पट्टी मारू नका. पट्टी धरायला चहूबाजूनं निदान वीतभर चांगला पत्रा लागतो. रेल पोकळ असते, भुगा आतून पडतोय म्हणजे बाहेर दिसतं त्यापेक्षा आत जास्त गेलंय. वेल्डिंग पातळ झालेल्या कडेला धरतं आणि पुढं खड्ड्यात त्याच कडेला फाटतं. मागं पाच माणसं बसलेली असताना हायवेवर स्प्रिंगचा हँगर सुटला तर गाडी एका बाजूला बसते आणि हातात राहत नाही. तुमचं इंजिन चांगलं आहे, म्हणून जीवावर येणार, समजू शकतो. पण त्यात आईला घेऊन जायचंय. माझं मत मोडीत काढा.

फक्त शेतावर जा-ये असती तरी मी हेच सांगितलं असतं. पैसे घालायची जागा ही नव्हे.


चिक्कोडी_२३

सहमत. दोन राज्यांचा टॅक्स वाचला असं समजा.

मोडीत काढताना रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो गाडी तोडतो, पण आरसी वडिलांच्या नावावर जिवंत राहते. उद्या तोच चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर निघाला तर नोटीस तुमच्या घरी. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. अर्ज ऑनलाइन होतो, मालक हयात नसल्यामुळं मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद इथंही लागतो. दर सहसा आरसीवरच्या अनलेडन (रिकाम्या गाडीच्या) वजनावर ठरतो, म्हणून तीन केंद्रांना विचारा आणि गाडी नेण्याचा खर्च कुणाचा ते लेखी घ्या.

त्यांच्याकडून 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' (गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला) घेतल्याशिवाय चावी सोडू नका. ते दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ, आणि केंद्राच्या नियमात खासगी गाडीच्या रोड टॅक्सवर २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, त्यामुळं नवी गाडी कुठल्या राज्यात नोंदवणार तिथल्या डीलरला आधीच विचारून घ्या. आणि यावेळी नंबर केए २३ चाच (चिक्कोडीचा) घ्या.

गाडी देण्याआधी ई-चलन तपासा, फास्टॅग बंद करा, आणि विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं पत्र मागा. वडिलांचा बोनस वारसाला मिळतो, नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्यातच तो कमी होईल.